सुपारीच्या आधी जिताडा

५ ऑक्टोबर, रविवार

डोकं फिरलंय. म्हणून लिहितोय. डॉक्टरने सांगितलंय, राग आला की बोलू नका, लिहा, बीपी खाली येईल. ही डायरी कोणी वाचायची नाही. चंद्रा, तू वाचत असशील तर आहे तिथे ठेव.

आज उन्नतीला बघायला पेणकडची मंडळी आली. मुलगा भाविक, इंजिनियर, बोलायला बरा. पोरीला पसंत, पोराला पसंत. मग जेवायला बसलो. चंद्राने पापलेट तळलेलं, एकेक बशीएवढं. मुलाचा बाप हिराजीशेठ. त्याने तुकडा मोडला, वास घेतला आणि विचारलं, मार्केटचा काय? म्हटलं, हो. तर म्हणतो कसा, तुमच्या अंजूरला खाडी हाय ना शेठ? का तिच्यावर पन गोडाऊन बांधलंत?

सगळे हसले. माझा चुलतभाऊ नवशा माझ्याच पंगतीला बसून हसला. त्याची गोडाऊनं माझ्यापेक्षा जास्त आहेत. उन्नतीसुद्धा हसली. हिराजीशेठने मग स्वतःच्या तलावातल्या जिताड्यांचं पुराण लावलं. व्याह्याला जिताडा खाऊ घालायचा, मुंडकं मानाच्या माणसाच्या ताटात द्यायचं, ही रीत तो मला शिकवतो! आमच्या घरी, भोईरांच्या घरी! माझ्या आजाची स्वतःची होडी होती.

मी तिथेच सांगून टाकलं. ९ नोव्हेंबरला सुपारी फोडायला, लग्नाची तारीख काढायला याल, तेव्हा मी माझ्या हाताने या खाडीत धरलेला जिताडा तुमच्या ताटात वाढणार. तो मिळेपर्यंत बाळाराम भोईर सुपारीला हात लावणार नाही.

चंद्रा आत गेली आणि भांडी आपटायला लागली. आपटू दे. महिना आहे हातात.

७ ऑक्टोबर, मंगळवार

जाळं नको. पाग, म्हणजे ते गोल फेकजाळं, फेकायला खांदा लागतो, आणि माझा खांदा फ्रोझन. शिवाय जाळं टाकताना हिराजीशेठने बघितलं तर म्हणेल, त्यात काय. गळ पाहिजे. रॉड, रील, एकदम स्टॅंडर्ड.

यूट्यूबवर कॅनडाचा एक दाढीवाला सापडला. तो पाईक आणि मस्की नावाचे मासे धरतो. बघितल्याबरोबर कळलं. मोठा मासा, लबाड मासा, झुडपात दबा धरून बसतो आणि झडप घालतो. म्हणजे आपला जिताडाच की. फक्त तोंड लांबोडकं. दाढीवाला म्हणतो, नवीन माणसाने आधी छोट्या पाईकपासून सुरुवात करावी, साधा मध्यम रॉड घ्यावा, साधं रील घ्यावं. मस्की हा वर्षानुवर्षं हुलकावण्या देणारा मासा आहे.

ते लोक रिकामटेकडे. शिवाय मी नवीन माणूस नाही. रक्तात आहे माझ्या.

११ ऑक्टोबर, शनिवार

मुंबईला दुकानात गेलो. काउंटरवर एक चष्मेवाला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, सर, बिगिनर का? तिथेच सटकली. मी म्हटलं, मस्कीचं सामान दाखवा. तो म्हणाला, सर, मस्की इंडियात नाही. म्हटलं, ते मी बघतो. मग म्हणाला, खाडीत जिताड्यासाठी सात फुटी रॉड घ्या, स्पिनिंग रील घ्या, दोरा गुंतत नाही, शिकायला सोपं. मला सोपं नकोय! सोपं पाहिजे असतं तर पुन्हा पापलेटच आणलं नसतं का?

घेतलं ते असं. नऊ फुटी हेवी रॉड, अखंड, मधे जोड नाही. बेटकास्टिंग रील. ऐंशी पौंडाचा विणलेला दोरा, तुटायची बातच नाही. पुढे बांधायला स्टीलच्या तारेचा तुकडा, त्याला लीडर म्हणतात, कारण पाईकचे दात दोरा कापतात. लांब पक्कड. माशाचा जबडा उघडा ठेवायची स्प्रिंग. रबरी जाळीचा हातखोरा, त्यात माणूस मावेल. नकली मासे तिथे छोटे होते, म्हणून मोठे ऑनलाइन मागवले.

रॉड गाडीत बसला नाही. खिडकीबाहेर काढून आणला. कशेळी पुलावर एका बाइकवाल्याने शिव्या दिल्या. मीही दिल्या.

घरी चंद्रा म्हणाली, जिताड्याला असे दात कुठं असतात? तारेचा काय उपेग? तिला काय सांगणार. तिने कधी व्हिडिओ बघितलाय?

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

नकली मासे आले. एकेक वीतभर, रबराचा, पोटाखाली तीन-तीन तोंडांचे गळ. एक तर बदकाचं पिल्लू आहे, पाण्यावर पाय मारत जातं. मस्की बदकं खातो.

संध्याकाळी पूजेत चंद्राने दागिने ठेवले, मी रील ठेवलं. रॉड हॉलमध्ये उभा केला तर पंख्यात अडकला. पंख्याचं पातं वाकलं. रॉडला काही झालं नाही. क्वालिटी. चंद्राला हे समजावून सांगितलं, तिने ऐकलं नाही. सणासुदीचं तोंड फिरवून बसली.

१९ ऑक्टोबर, रविवार

गच्चीवर सराव. दाढीवाला म्हणतो, अंगठा रीलवर हलका ठेवा. हलका म्हणजे किती? पहिल्याच फेकीत दोऱ्याचं असं भेंडोळं झालं की कामतघरच्या पॉवरलूमवाल्यानेही हात जोडले असते. ते सोडवता सोडवता जेवण गार.

दुसऱ्या दिशेने फेकलं. बदक उडालं, छान गेलं, आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकच्या ताडपत्रीत रुतलं. ट्रक थांबतो कशाला! रील किंचाळायला लागलं. दोरा तुटेना, मी सोडेना, शेवटी रॉड हातातून गेला आणि कठड्यावरून खाली. कोपऱ्यावर ट्रॅफिक जाम होता म्हणून वाचलो. या जामला मी रोज शिव्या देतो. ड्रायव्हर उतरून हिंदीत विचारतो, सेठ, मछली पकड रहे हो के ट्रक? शेजारच्या गोडाऊनचे हमाल टाळ्या पिटत होते. भाडेकरूंनी मालकाशी कसं वागावं याचा एक कागद बनवून गेटवर लावायचा आहे.

टोकाला ओरखडा आला. बाकी रॉड ठीक. फेक लांब गेली होती, हे विसरून चालणार नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी खाडीवर. नवशाला बरोबर घेतला, साक्षीदार पाहिजे म्हणून. टोपी, गॉगल, खिशाखिशांचं जॅकेट. धक्क्यावर जाऊन उभे राहिलो.

पाणी नव्हतं.

खाडीत पाणी नव्हतं! सगळा चिखल. मधून नाल्यासारखी एक धार. नवशा म्हणाला, कुनी तरी वरती बंद केलं असंल. मी म्हटलं, वरती म्हणजे कुठे? तो म्हणाला, कंपन्यांनी. मलाही पटलं. दोघांनी उभ्या उभ्या कंपन्यांना शिव्या घातल्या. पंचायतीला लेखी तक्रार द्यायची ठरवली. फोटोही काढले.

घरी येऊन सांगितलं तर चंद्रा हातातलं लाटणं ठेवून हसली. पोट धरून. म्हणाली, ओहोटीला गेलाव. अवो, खाडीला भरती-ओहोटी असते, इसारलाव काय? ती कशेळीची. तिचा बाप तिथी बघून होडी काढायचा.

मी विसरलो नव्हतो. रविवारी सकाळी भरती असेल असं धरून चाललो होतो.

ठरलं. पुढच्या वेळी वेळ बघून जायचं. तक्रार तूर्त थांबवली.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज पाणी होतं. दुपारी गेलो, तट्ट भरलेली खाडी. मन प्रसन्न. पाच-पन्नास फेकी टाकल्या. मिळालं ते असं. लूमच्या टाकाऊ धाग्याचा गुंता. पुन्हा धागा. एक लेडीज चप्पल. गुलाबी धागा. दाढीवाला म्हणतो, मासा मागे मागे येतो, तेव्हा रॉडचं टोक पाण्यात बुडवून आठचा आकडा काढायचा. मी आठ काढत बसलो. पलीकडे पाग टाकणारी दोन पोरं थांबून बघत राहिली. त्यांच्या टोपलीत कायतरी फडफडत होतं. मी बघितलं नाही. लहान असणार.

चूक माझी नाही. या खाडीत धागा सोडणाऱ्या एकेकाला गळाला लावला पाहिजे.

८ नोव्हेंबर, शनिवार

उद्या पाहुणे. जिताडा नाही.

चंद्रा म्हणते, शब्द बोललाव तो बोललाव, आता भिवंडीच्या मार्केटातून आणा आन गप वाढा. मी? बाजारचा? हिराजीशेठ कल्ला बघून सांगेल कोणत्या बर्फातला आहे.

पुढे ढकलायचं. पण कारण पाहिजे. साधं कारण सांगितलं तर म्हणेल मासा मिळाला नाही. फोन लावला. तोंडातून निघून गेलं, सुतक आहे. कोण वारलं? मी म्हटलं, लडकूकाका. म्हणजे माझा सख्खा चुलता, नवशाचा बाप. नाव दुसरं सुचलंच नाही, समोर त्यांचाच फोटो लावलेला, माझ्या लग्नातला.

हिराजीशेठ एकदम हळवा झाला. रामराम रामराम करायला लागला. वाईट वाटलं. पण दहा-बारा दिवसांची सोय झाली.

काका ठणठणीत आहेत. कामतघरला धाकट्या मुलाकडे असतात, सकाळी नाक्यावर चालत जाऊन भजी खातात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हिराजीशेठचा फोन. दहाव्याला येतो म्हणतो. कोणी सांगितलंय यांना एवढी माणुसकी दाखवायला? मी म्हटलं, नको, नाशिकला करतोय. किती वाजता? म्हटलं, फक्त घरचेच, काकांची तशी इच्छा होती. तो म्हणाला, मोठा मानूस.

फोन ठेवला. नवशाला सांगून ठेवलं की पेणवाल्यांशी बोलायचं नाही. का, ते सांगितलं नाही. त्याचाच बाप आहे.

नवीन तारीख २३.

१६ नोव्हेंबर, रविवार

मासा लागला!

शिंगाळी. करंगळीएवढी. तिने वीतभर रबराला तोंड लावलंच कसं, हा अभ्यासाचा विषय आहे. खरं तर गळ तिच्या पोटाला लागला होता. हातखोऱ्यात घातली तर जाळीच्या भोकातून पडली. जबड्याची स्प्रिंग वापरायचा प्रश्नच आला नाही. काटा मात्र बोटात गेला. बोट सुजलं, टिटॅनस घेतलं. चंद्राने हळद लावली आणि एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त राग येतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा पुढे ढकललं. या वेळी खांदा सांगितला. हे खोटं नाही, खांदा दुखतोच आहे, रोज नऊ फुटी बांबू फिरवून दुखणार नाही तर काय. हिराजीशेठ फोनवर फक्त बरं म्हणाला. बरं. एवढंच. हा काय बोलायचा प्रकार झाला?

संध्याकाळी उन्नती खोलीत आली. भाविक तिला विचारतोय म्हणे, तुझ्या पप्पांना आमचं स्थळ नको आहे का? नको असेल तर सरळ सांगा म्हणतो, आमच्या घरी आई रडते. मी भडकलो. म्हटलं, त्या पोराला सांग, मी हे सगळं कोणासाठी करतोय? तिच्या सासरी तिची मान ताठ राहावी म्हणूनच ना? तिला उद्या कोणी म्हणू नये की गोडाऊनवाल्याची पोरगी.

ती म्हणाली, पप्पा, मला गोडाऊनवाल्याची पोरगी म्हटलं तर चालेल. मग म्हणाली, हे लग्न मोडलं तर मला चालणार नाही. रडली नाही. दार हळू लावून गेली.

दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोलू शकलो असतो.

३० नोव्हेंबर, रविवार

आता चूक नाही. मोबाइलवर भरतीचं अॅप घेतलं. दाढीवाल्याचा चंद्रावर एक अख्खा व्हिडिओ आहे. पौर्णिमेला मोठे मासे खायला बाहेर पडतात. आणि पौर्णिमेला आपल्याकडे उधाण, पाणी पार बांधाला. ४ डिसेंबर पौर्णिमा. दुपारी फुल भरती. सकाळी जायचं, जिताडा धरायचा, पाहुणे एक वाजता, मासा ताजा फडफडीत. याला प्लॅनिंग म्हणतात. हे आधीच सुचायला पाहिजे होतं, पण घरात शांतता असेल तर सुचेल ना.

चंद्राला सांगितलं, चारला बोलावतो. ती म्हणाली, अवो, चारला गुरुवार हाय. मी म्हटलं, वार मला कळतो! गुरुवारी काय खाडी बंद असते? पोरीला सुट्टी घ्यायला सांग. ती पुन्हा काहीतरी सांगायला लागली, मी हात वर केला. बीपी.

हिराजीशेठला फोन केला. तो म्हणाला, चांगला दिवस काढलात. एकदम बरा बोलला. घाबरला असणार.

४ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ८

निघतोय. लीडर नवीन. गळ घासून धारदार केले. चंद्रा अंघोळ करून देवघरात काहीतरी मांडत बसली आहे, घटबिट. स्वयंपाकघरात मसाला वाटलेला दिसत नाही. विचारलं तर म्हणाली, तुमी लवकर या म्हंजे झालं. येतो. जिताडा घेऊन येतो. मसाला तोपर्यंत वाटून ठेव म्हटलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

धक्क्यावर पोचलो. पाणी चढत होतं. अकराच्या सुमाराला लागला. खोटं सांगत नाही, असा झटका बसला की टोपी उडाली. रॉड कमानीसारखा वाकला. मी ओरडलो. धक्क्यावर कोणी नव्हतं ऐकायला. दाढीवाला म्हणतो, मोठा मासा तळाला जाऊन बसतो, घाई करायची नाही, त्याला दमवायचा. मी दमवत राहिलो.

पाऊणला चंद्राचा फोन. घेतला नाही, दोन्ही हात गुंतलेले. मग उन्नतीचा. मग नवशाचा. मग पुन्हा उन्नतीचा, पुन्हा उन्नतीचा. मी मोठ्याने म्हटलं, अगं थांब, तुझ्याच सासऱ्यासाठी थांबलोय! दोरा कापायचा विचार एकदा आला. आजवर एवढं सगळं केल्यावर कापायचा? मासा तळाला, मी वर. खांद्यात कळा. पाणी थांबलं, मग उतरायला लागलं. तो हलेना. मीही हलेना.

तीननंतर पाण्याच्या वर काहीतरी आलं. काळं, चौकोनी. मग अजून वर आलं. भंगारात काढलेल्या लूमची लोखंडी चौकट होती. कोणीतरी गाडी भरून आणून टाकलेली. माझा तीन तोंडी गळ तिच्या भोकात बसला होता, चांगला घट्ट. ऐंशी पौंडाचा दोरा काही तुटला नाही.

पक्कड चिखलात पडली. ती काढताना मी पडलो.

घरी आलो तर पाहुणे निघायच्या तयारीत. पानं उचलली होती. वरण-भात, पुरणपोळी, भाजी. म्हटलं हे काय? हिराजीशेठ म्हणाला, शेठ, मार्गशीर्षातला गुरुवार, त्यात दत्तजयंती. आमच्या घरात आज मासळीचं नाव न्हाय. आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम देवाचा दिवस काढलात, मानाने, म्हणून सगळं इसरून आलो.

चंद्राने माझ्याकडे बघितलं नाही. तिचा घट देवघरात होता.

आणि सोफ्यावर कोण? लडकूकाका. मी नाही, फोन घेत नाही, सुपारी फोडायला मुलीकडचा वडीलधारा माणूस पाहिजे, म्हणून नवशा जाऊन कामतघरहून घेऊन आला. त्याला मी कारण सांगितलं नव्हतं ना. काकांनी मधोमध पाटावर बसून सुपारी फोडली. नवा फेटा बांधून.

हिराजीशेठ जाताना माझ्याजवळ थांबला. अंगावर चिखल, बाहीत एक गळ अडकलेला. मला वाटलं आता सगळ्यांसमोर सुतकाचा विषय काढणार. तो हळूच म्हणाला, काकांची तब्येत चांगली हाय तुमच्या. नाशिकचं पानी मानवलं. खांद्यावर हात ठेवला, दुखऱ्याच, आणि गाडीत बसला.

शिवी दिली असती तर परत दिली असती. काय करणार?

भाविक वाकून पाया पडला. चिखलाला हात लागला त्याचा. म्हणाला, पप्पा, तारीख छान निघाली. मी म्हटलं, हो, छानच आहे. नवशा म्हणाला, तारीख बेस्ट, हॉलवाल्याला आत्ताच फोन कर. मी म्हटलं, करतो. काका म्हणाले, बाला, मी काढली तारीख, तुना पसंत हाय ना? मी म्हटलं, काका, तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी?

सगळे गेल्यावर उन्नतीने माझ्या बाहीतला गळ काढला. कात्रीने बाही कापून, त्वचेला न लावता. साडी नेसली होती, मी आज पहिल्यांदाच नीट बघितली. म्हणाली, सुपारी फोडताना मी सारखी दाराकडे बघत होते. मग विचारलं, पप्पा, तारीख तुम्हाला चालेल ना?

चालेल म्हटलं.

तिने गळ कागदात गुंडाळून ठेवला, सावकाश. बहुतेक तिला वाटलं मी अजून काही बोलेन. मग गेली.

लाज वाटतेय. राग शोधतोय, सापडत नाही. सगळ्यांना हो म्हणून बसलोय, आता कोणत्या तोंडाने विचारू? माझ्या पोरीचं लग्न कोणत्या तारखेला आहे, मला माहीत नाही.